हेडलाईटला शेक-शेगडी

"ताई, तुमी फकस्त बघा. हसू नका," असं म्हणून तात्यांनी छत्री मिटली आणि ते बाजूला झाले.

मी वाकून बघितलं. गाडीच्या उजव्या हेडलाईटमध्ये बोटभर पाणी साचलं होतं. बॉनेटवर हात ठेवला की ते डुचमळायचं. डाव्यात पाणी नव्हतं, पण काचेला आतून इतकी वाफ धरली होती की आत बल्ब आहे की नाही तेही कळेना. मी हसले नाही. केस सोपी वाटली की मी मुद्दाम गंभीर चेहरा करते. नंतर कौतुक जरा जास्त होतं.

भोरला एस.टी. स्टँडच्या जवळ आमचं दुकान आहे. अर्ध्या दुकानात आमचे हे बॅटऱ्या विकतात. उरलेल्या अर्ध्यात मी हेडलाईट दुरुस्त करते. त्याआधी मी पुण्याकडे हेडलाईट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला होते. क्वालिटी म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. वीसेक वर्षं मी हे काम मनापासून केलं. कारखाना दूर गेला, मी घरी आले, आणि स्वतःच्या हाताने काम करायची वेळ आली. तेव्हा कळलं की स्क्रू काढताना किती वेळा खाली पडतो.

तात्या हे एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. राजगडाच्या पायथ्याला पाली, आणि पालीच्या पुढे त्यांची वाडी. सगळी नोकरी घाटातल्या गाड्यांवर झाली. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पण चांगली गाडी घेतली होती आणि ती ते नवरीसारखी ठेवायचे.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"म्याच. मोबाईलवर व्हिडिओ बघून."

"काय काय केलं ते सगळं सांगा. काही गाळू नका."

तात्यांनी काही गाळलं नाही. त्यांना गाडीला पांढरा एल.ई.डी. उजेड हवा होता. एल.ई.डी. बल्बच्या मागे एक छोटा पंखा असतो. त्या पंख्यामुळे हेडलाईटचं मागचं झाकण बसेना. म्हणून त्यांनी झाकणाला भोक पाडलं आणि पंख्याभोवती सायकलची ट्यूब गुंडाळली. मग त्यांना वाटलं, एवढं केलंच आहे तर आतला आरसाही पुसून घ्यावा. त्यासाठी पुढची काच काढायला हवी. ती काच, खरं तर प्लास्टिकच, काळ्या डब्याला डिंकाने चिकटवलेली असते आणि तापवली की सुटते. कारखान्यात त्यासाठी ओव्हन असतो.

"तुम्ही कशात तापवली?"

तात्यांनी इकडेतिकडे बघितलं. "शेगडीवर."

"गॅसच्या?"

"न्हाई वो. बाळंतिनीच्या."

मग ती हकीकत बाहेर आली. त्यांची एकुलती एक मुलगी रूपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, तयारी म्हणून नवी बाज विणून घेतली होती आणि कोळशाची शेगडी आणली होती. बाळंतिणीला बाजेवर निजवतात, खाली शेगडी ठेवतात आणि वरून पांघरूण घालतात. त्याला शेक-शेगडी म्हणतात. तात्यांनी दोन्ही हेडलाईट बाजेवर निजवले, खाली शेगडी ठेवली आणि वरून वाकळ घातली. काकी बाजाराला गेल्या होत्या.

"मग सुटली काच?"

"मऊ पडली की आपसूक. लई छान सुटली."

"आणि परत चिकटवली?"

"चिकटवली. आन् मंग शाकारनी केली."

शाकारणी म्हणजे पावसाच्या आधी घराचं छप्पर नीट करणं. फुटकी कौलं बदलायची, फटी बुजवायच्या, भिंतींना बाहेरून झावळ्या नाही तर प्लास्टिक बांधायचं. तात्यांच्या वेल्ह्याकडे पाऊस असा पडतो की एक भोक राहिलं तर चुलीत पाणी. तात्यांनी हेडलाईट चहूबाजूंनी तपासला, त्यांना मागे दोन छोटी भोकं सापडली, आणि नळ गळला की लावतात ती पुट्टी लावून त्यांनी ती बुजवून टाकली.

इथे माझ्यातली क्वालिटीवाली जागी झाली. मी स्टूल ओढलं आणि तात्यांना व्याख्यान दिलं. हेडलाईट बंद डबा नसतो. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर जायला वाट लागते. दिवा विझला की हवा आक्रसते आणि बाहेरची हवा आत येते. त्यासाठीच ती दोन भोकं असतात, त्यांना ब्रीदर म्हणतात. दिवा श्वास घेतो, तात्या.

"म्हंजे म्या त्याचं नाक दाबलं."

"अगदी बरोबर."

"आन् घाम फुटला त्याला."

हे व्याख्यान मला फार आवडलं. एवढं आवडलं की पुट्टी काढली, ब्रीदर मोकळे केले, पाणी ओतून दिलं, नवी झाकणं बसवली, माझ्या केस वाळवायच्या ड्रायरने दोन्ही हेडलाईट आतून कोरडे केले आणि गाडी देऊन टाकली. नव्या झाकणात पंखा बसावा म्हणून एक जाडसर रबरी टोपी लावली तीही मला शोभिवंत वाटली. निघताना तात्या थांबले.

"ताई, शनिवारपातुर टिकंल न्हवं?"

"शनिवारी काय आहे?"

"जावई येनार हाय गाडी बघाया."

जावई पुण्याला आय.टी.त. त्याचं नाव निखिल. त्याने फोनवर सांगितलं होतं की वाडीपासून भोरचा दवाखाना लांब, रस्त्यात धुकं, आणि मामांच्या गाडीचे दिवे रूपालीने व्हिडिओ कॉलवर दाखवले तसे. शनिवारी रूपालीचं चेकअप भोरला होतं. तिथे तो येणार, गाडी बघणार आणि दिवे धड नसतील तर रूपालीला तिथूनच पुण्याला नेणार. त्याचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. पण तात्या पुढे म्हणाले, "हिनं बाज इनलीया. डिंकाचं लाडू करून डबं भरून ठिवल्यात. पोरगी गेली तर ती मला काय बोलायची न्हाई. त्येच वाईट."

मी म्हटलं, "काळजी करू नका. माझी गॅरंटी."

कारखान्यात माझ्या खुर्चीमागे एक पाटी होती: तपासल्याशिवाय माल पाठवू नये. ती मीच लावायला लावली होती.

दुसऱ्या दिवशी तात्या परत आले. उजव्या दिव्यात पुन्हा पाणी, या वेळी अर्धं बोट.

"कमी झालंय," तात्या मला धीर देत म्हणाले.

आमचे हे बॅटरीत पाणी भरता भरता म्हणाले, "गॅरंटी आली बघ परत."

आता मी नीट पद्धतीने गेले. शेजारच्या पंक्चरवाल्याचा टब मागून आणला. ट्यूब पंक्चर कुठे आहे ते जसं पाण्यात बुडवून बघतात तसंच हेडलाईटचंही बघता येतं. मागून सगळं बंद करायचं, एका ब्रीदरला नळी लावायची, हेडलाईट पाण्यात धरायचा आणि नळीतून हवा सोडायची. कारखान्यात त्यासाठी मशीन होतं. इथे मी होते. मी गाल फुगवून नळीत फुंकायला लागले. स्टँडवरून येणारीजाणारी माणसं थांबून बघायला लागली.

"आता सनई पण वाजव," हे म्हणाले.

बुडबुडे आले. वरच्या कोपऱ्यातून, ओळीने. तिथे डब्याची कड शेगडीने वाकली होती आणि काच बसताना फट राहिली होती. शेक थोडा जास्त झाला होता. मी काच काढली, जुना डिंक खरवडला, काळ्या चिकट दोरीसारखं नवं सील भरलं, वाकलेल्या कोपऱ्यात दुप्पट भरलं, आणि काच दाबून बसवली. डाव्या दिव्यालाही तेच केलं. या वेळी टबात बुडवून पाहिलं. एक बुडबुडा नाही. वर पाटी आठवून पाण्याचा पाईपही मारला. एक थेंब आत गेला नाही.

"आता गॅरंटी म्हणू नको," हे हळूच म्हणाले. मी म्हटलं नाही, पण चेहरा तसाच होता.

सकाळी तात्यांचा फोन. त्यांच्या वाडीवर रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते, त्यामुळे मागे घंटा ऐकू येत होती.

"ताई, पानी न्हाई. अजाबात न्हाई. पन वाफ हाय. दोन्हीकडं. सकाळी धरलीया."

मी कपाळाला हात लावला. कारण लगेच कळलं. कारखान्यात काच चिकटवतात ती कोरड्या हवेच्या खोलीत. मी चिकटवली होती भोरमध्ये, आषाढात, दुकानाचं शटर उघडं टाकून. बाहेर पावसाची झड लागलेली. म्हणजे मी भाटघरच्या धरणावरची ओली हवा दोन्ही दिव्यांत भरली होती आणि वर उत्तम सील केलं होतं. ब्रीदर उघडे होते, पण बाहेरची हवाही तसलीच.

इथे मी तात्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता. दिवा लावला की वाफ जाते का? तो मी विचारला नाही. उपाय सुचला की माझे प्रश्न संपतात.

"तात्या, आत ओलावा ओढून घेणारं काहीतरी ठेवावं लागेल. छोट्या पुड्या मिळतात. नव्या बुटांच्या खोक्यात असतात बघा. म्हणजे आपण मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतो ना, तसं."

"आलं ध्यानात."

"तुमच्याकडे असतील का? नसतील तर मी मागवते."

"हाय की. घरचाच हाय."

मला वाटलं, तात्या बुटांचे खोके जपून ठेवत असतील.

"किती टाकू?" त्यांनी विचारलं.

"मूठभर पुरे. दोन्हीकडे सारखं."

"आन् झाकान लावून घ्यू?"

"घट्ट."

फोन ठेवताना मला समाधान वाटलं की गिऱ्हाईक किती समजूतदार आहे. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, लोकांना घरातलं उदाहरण दिलं की विज्ञान पटकन कळतं.

शनिवारी सकाळी तात्यांची गाडी दुकानासमोर आली. काकी मागे बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी रूपाली. काकींना मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक अंगाची बाई, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. पाठोपाठ निखिल आला. त्याची गाडी मोठी, नवी, आणि भर सकाळी पुढे पांढरे शुभ्र दिवे लावलेली. माणूस सभ्य होता. मला नमस्कार केला, सासूसासऱ्यांच्या पाया पडला, रूपालीला कसं वाटतंय विचारलं आणि मग हात मागे बांधून हेडलाईटसमोर उभा राहिला. मी अशी वीसेक वर्षं उभी राहिले आहे. समोरच्याला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

"वाफ आहे अजून," तो म्हणाला.

"थोडी असते पावसाळ्यात," मी म्हटलं.

तो वाकला. अजून वाकला. "मॅडम, आत काहीतरी चालतंय."

"म्हणजे?"

"चालतंय. पायांनी."

मी वाकले. काचेवर आतून एक सोंडा चालला होता. धान्यात होतो तो, काळा, सोंडेचा. त्याच्या मागून दुसरा. आणि खाली, आरशाच्या तळाला, वाफेतून पांढरं काहीतरी दिसत होतं. आधी मला वाटलं, रंगाचे पोपडे. मग दाणे दिसले.

"तात्या," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"तांदूळ," तात्या म्हणाले. "घरचा आंबेमोहोर. तुमी म्हनला तसा मूठ मूठ टाकला."

मी मागचं झाकण काढलं. वास आला. दमट गोणीचा आणि त्याच्या आड आंबेमोहोराचा. दाणे फुगून एकमेकांना चिकटले होते. रूपाली गाडीतून उतरली, तिने बघितलं आणि तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. आमचे हे बॅटऱ्यांच्या मागे गेले आणि बराच वेळ तिथेच काहीतरी शोधत राहिले.

निखिल हसला नाही. "मॅडम, हे तुम्ही सांगितलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. सांगितलं ते उदाहरण होतं, सूचना नव्हती. पण 'मूठभर पुरे' माझेच शब्द होते, आणि 'घट्ट'ही.

"हो," मी म्हटलं.

"मग मला वाटतं, विषय संपला. रूपाली, चेकअप झालं की आपण पुण्याला निघू. मामी, तुम्हीही चला तिकडे. तिथेच करा सगळं."

काकी पहिल्यांदा बोलल्या, त्याही त्याच्याकडे न बघता. "तिकडं चौथ्या मजल्यावर शेगडी कुटं पेटवू? धूर झाला की घंटी वाजती म्हनं तुमच्यात." मग थांबून, अगदी हळू, "न्या. जिवापरीस काय हाय."

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगते. लाज वाटली. पाण्याचं आणि वाफेचं सगळं शास्त्र मला येत होतं आणि त्या बाईच्या बाजेवर तिची मुलगी निजणार नव्हती, कारण मी बोलताना मिठाची बरणी मध्ये आणली. मी निखिलला म्हटलं, "तुमचा दवाखान्यात नंबर येईपर्यंत मला वेळ द्या. मग तुम्ही ठरवा."

तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "ठीक आहे." सभ्य माणूस होता, हे मी आधी म्हटलंच आहे.

काकी आणि रूपाली दवाखान्यात गेल्या. निखिल मात्र तिथेच उभा राहिला, ऑडिट अर्धं सोडून जाणाऱ्यातला तो नव्हता. मी तांदूळ काढला. चिमट्याने, मग बोटाने, मग व्हॅक्युम क्लीनरने. सोंडे क्लीनरमध्ये गेले. मग तात्यांना दिवे चालू करायला सांगितले आणि सवयीने काचेवर हात ठेवला.

काच गार होती.

तात्या पालीपासून भोरपर्यंत दिवे लावूनच आले होते. तरीही गार. मी दुसऱ्या दिव्यावर हात ठेवला. तोही गार. तेव्हा जो प्रश्न मी फोनवर विचारला नव्हता त्याचं उत्तर हाताला लागलं. साधा पिवळा हॅलोजन बल्ब तापतो. त्याची धग पुढे काचेवर जाते आणि काचेवरची वाफ उडून ब्रीदरमधून बाहेर पडते. पावसाळ्यात थोडी वाफ धरतेच, चांगल्या नव्या दिव्यातही धरते. दिवा लावला की ती जायला हवी, एवढीच अट असते. एल.ई.डी. मात्र मागे तापतो आणि पुढे गार राहतो. एल.ई.डी.साठीच बनवलेल्या दिव्यांत याची वेगळी सोय केलेली असते. तात्यांच्या दिव्यात ती नव्हती. मी नाक मोकळं केलं, अंग पुसलं, तांदूळसुद्धा चारला. ऊब तेवढी दिली नव्हती.

"तात्या, एल.ई.डी. काढायचे. साधे बल्ब घालायचे. पिवळे."

तात्यांचा चेहरा उतरला. "पिवळं?"

"धुक्यातही तेच बरे. पांढरा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो."

"त्ये मला म्हाईत न्हाई व्हय? उभा जलम घाटात गेला. एस.टी.ला पिवळंच हुतं."

"मग पांढरे कशाला लावलेत?"

चिकटलेल्या तांदळाचा गोळा तात्यांनी हातात घेतला होता, तो ते बोटांनी सुटा करत होते. मग मान न वर करता म्हणाले, "जावईबापूंच्या गाडीला पांढरं हायती. पोरगी उद्या त्या गाडीतनं उतरून आमच्या गाडीत बसनार. तिला कमी वाटाया नको."

निखिल हे ऐकत होता. मागे बांधलेले हात त्याने सोडले आणि विचारलं, "मॅडम, मी काही धरू का?"

"ड्रायर धरा," मी म्हटलं.

त्याने ड्रायर धरला. मी नवे पिवळे बल्ब आणि मापाची झाकणं बसवली, रबरी टोपी काढून फेकली. सगळं लागल्यावर काचेवर थोडी वाफ राहिलीच होती. मी ती मुद्दाम राहू दिली. "आता बघा," म्हटलं आणि दिवे लावले. एखादी गोष्ट चारचौघांत बघा म्हटलं की ती होत नाही, हा माझा अनुभव. थोडा वेळ काही झालं नाही. मी पोटातून देवाला हाक मारली. मग काचेच्या मधोमध रुपयाएवढा डाग स्वच्छ झाला. तो वाढत गेला आणि कडेपर्यंत पोचला. निखिलने मोबाईलवर वेळ लावली होती, ती त्याने मला दाखवली नाही, नुसती मान हलवली. मग त्याने बादली मागितली आणि स्वतःच्या हाताने दोन्ही दिव्यांवर पाणी मारलं. एकदा समोरून, एकदा बाजूने आणि एकदा बॉनेट उघडून वरून. याला मी कारखान्यात आनंदाने नोकरी दिली असती.

काकी आणि रूपाली परत आल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ठीक सांगितलं होतं. काकींनी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि त्या कोणाच्या गाडीकडे जावं ते न कळून मध्येच उभ्या राहिल्या.

"मामी," निखिल म्हणाला, "मामांच्या गाडीत बसा. राहू दे तिला तुमच्याकडे. पण शेवटचे दिवस मीही तिथे येऊन राहणार. चालेल ना?"

"रेंज न्हाई आमच्यात," काकी म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि पदराने डोळे पुसत गाडीत जाऊन बसल्या.

पुढचं मला नंतर कळलं. निखिल लॅपटॉप घेऊन येऊन राहिला आणि रोज देवळाच्या पायरीवर बसून ऑफिस करू लागला. घंटा वाजवणाऱ्यांना तो हात जोडून गप्प करायचा म्हणे. एका सकाळी रूपालीला कळा सुरू झाल्या. वाडीवर असं धुकं की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. निखिलने आपली गाडी दारात आणून उभी केली. रूपाली वडिलांच्या गाडीत जाऊन बसली, काकी तिच्या शेजारी. तात्यांनी दिवे लावले. वाफ होती, ती वाटेतलं मार्गासनी गाव यायच्या आत गेली, असं तात्यांनी मला फोन करून मुद्दाम सांगितलं. दुपारी भोरला मुलगी झाली. बाज, शेगडी, लाडू, सगळं कामी आलं.

चार दिवसांनी निखिल बर्फीचा पुडा घेऊन दुकानात आला. दाढी वाढलेली, झोप झालेली नाही, चेहरा मात्र फुललेला.

"मॅडम, मामांच्या गाडीचे लाईट एक नंबर."

मी स्टूल पुढे ओढलं. सील, ब्रीदर, काचेची ऊब, सगळं पुन्हा सांगायची माझी तयारी होती.

"माझे पांढरे दिवे लावले तर समोर नुसती भिंत दिसत होती. मला तो रस्ता माहीत नाही. पण मामांचे मागचे दोन लाल दिवे काय स्वच्छ दिसत होते! नसरापूरपर्यंत मी त्यांनाच धरून आलो. फार सुंदर काम केलंत."

"मागचे?"

"हो, मागचे. पुढचे कसे होते मला काय माहीत? मी मागे होतो."

मागच्या दिव्यांना मी हात लावला नव्हता. फडकंसुद्धा फिरवलं नव्हतं. बॅटऱ्यांच्या आडून आमचे हे माझ्याकडे बघत होते.

"थँक यू," मी म्हटलं आणि बर्फी घेतली. क्वालिटीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घ्यायला काही त्रास होत नाही.